नाट्यपंढरीत आलेल्या पाहुण्याला नाटक कधी दिसणार?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जिल्ह्याच्या पर्यटनाचे आराखडे, कृष्णाकाठाचे सुशोभीकरण, घाटांची डागडुजी आणि नव्या स्मारकांच्या घोषणा यांविषयीच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येत असतात आणि त्यांत 'नाट्यपंढरी सांगली' हे शब्द हमखास असतात. या आराखड्यांत एक गोष्ट मला कधी आढळली नाही. तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. परगावचा एखादा रसिक नाटकाचे आणि गाण्याचे गाव म्हणून सांगलीत आला, तर तो आला त्या दिवशी त्याला येथे नाटक पाहायला किंवा गाणे ऐकायला मिळेलच, अशी खात्री आज कोणी देऊ शकत नाही. पंढरपूरला गेलेल्या माणसाला विठोबा कोणत्याही दिवशी भेटतो. आपल्या पंढरीतला देव मात्र वर्षातल्या मोजक्या तारखांनाच गाभाऱ्यात असतो.

बाहेरगावचा माणूस सांगली कशी पाहतो, हे गावभागात, म्हणजे सांगलीच्या जुन्या वस्तीत, राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईचे आणि नृसिंहवाडीचे दर्शन आटोपून गाडी उन्हे कलताना गणपती मंदिरापाशी येते. काळ्या दगडातल्या त्या देखण्या मंदिरात दर्शन होते, आयर्विन पुलाच्या कमानींसमोर फोटो निघतात, भडंगाचे पुडे आणि हळद घेतली जाते आणि दीड-दोन तासांत सांगली 'झाली' असे म्हणून मंडळी परतीच्या रस्त्याला लागतात. यात त्यांचा काही दोष नाही, कारण त्यापलीकडे त्यांना दाखवण्यासारखे काय आहे, याचा विचार आपणच केलेला नाही. माझ्याकडे येणारे पाहुणे बहुतेक माझ्याच वयाचे, रेडिओवरची नाट्यगीते ऐकत वाढलेले असतात. चहा झाला की ते विचारतात, "आज संध्याकाळी काही आहे का हो तुमच्याकडे?" आणि त्यावर ठरलेले उत्तर द्यावे लागते, "पाच नोव्हेंबरला यायला हवं होतं."

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' हे आख्यान सांगलीचे अधिपती चिंतामणराव ऊर्फ आप्पासाहेब पटवर्धन यांच्यासमोर सादर केले आणि तेथून मराठी रंगभूमीचा इतिहास मोजला जातो, हे येथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. मात्र त्या खेळात प्रत्यक्ष काय घडत होते, असे विचारले तर मोठी माणसेही घुटमळतात. कानडी मुलखातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ आप्पासाहेबांनी पाहिला होता. तसाच, पण अधिक सुबक खेळ मराठीत व्हावा अशी त्यांची इच्छा होती. दरबाराच्या पदरी असलेल्या भाव्यांच्या घरातला हा तरुण पदे रचण्यात आणि लाकडी बाहुल्या घडवण्यात तरबेज होता, म्हणून त्याच्यावर हे काम सोपवले गेले. जे उभे राहिले ते आजच्या अर्थाने नाटक नव्हते. आधी सूत्रधार टाळ-मृदंगाच्या साथीने मंगलाचरण म्हणत असे. मग झाडपाला अंगाला गुंडाळलेला वनचर विदूषक नाचत येई आणि सूत्रधाराची फिरकी घेई. त्यानंतर गणपती येई, मोरावर बसलेली सरस्वती नाचत येई आणि त्यांच्या आशीर्वादानंतर आख्यानाला तोंड फुटे. पदे सूत्रधाराने म्हणायची आणि त्यांना धरून पात्रांनी आयत्या वेळी सुचतील ती भाषणे करायची, अशी ती रीत होती. देवांची पात्रे सौम्य बोलत, राक्षस मात्र 'अलल्ल डुर्र' अशा आरोळ्या ठोकत तलवारी परजत येत आणि लहान मुलांची पाचावर धारण बसे.

एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, हा सगळा ऐवज काळाच्या उदरात गडप झालेला नाही. भाव्यांनी आपल्या आख्यानांची पदे 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने १८८५ मध्ये छापून ठेवली आहेत, आणि या खेळांचे पूर्वरंग (आख्यानाआधीचा भाग), पात्रांचे पेहराव, चाली यांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. टाळ-मृदंगाचे भजनी मंडळ सांगलीच्या गल्लीगल्लीत आहे. राक्षसाचे काम करायला उत्सुक नसलेला महाविद्यालयीन मुलगा मी अजून पाहिलेला नाही. असे असताना पूर्वरंग आणि आख्यानातला एखादा प्रवेश मिळून पाऊण तासाचा विष्णुदासी खेळ दर शनिवारी संध्याकाळी ठरल्या वेळी सांगलीत का होऊ नये? त्याला फिरता रंगमंच लागत नाही, ध्वनिक्षेपकही लागत नाही. गावभागातल्या एखाद्या जुन्या वाड्याचा चौक, जमिनीवर अंथरलेली जाजमे आणि मागे वयस्कर माणसांसाठी खुर्च्यांच्या दोन रांगा एवढ्यावर तो उभा राहू शकतो. पुण्याहून आलेल्या पाहुण्याला पुतळ्याखालचा जन्म-मृत्यूचा सन वाचून जे कळणार नाही, ते सरस्वतीचा मोर चौकात शिरताना पाहून कळेल. शिवाय हे त्याला जगात अन्यत्र कोठे दिसणार नाही. पर्यटनाच्या व्यवहारात याहून मोठे भांडवल ते काय असते?

यावर लगेच येणारा आक्षेप मला माहीत आहे, तो पैशाचा. त्याचे उत्तर भाव्यांच्याच चरित्रात आहे. १८५१ मध्ये आप्पासाहेबांचे निधन झाले, दरबारचा आधार सुटला आणि जमवलेली मंडळी व केलेला खर्च अंगावर पडला. तेव्हा भावे आपली नाटक मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत जाऊन त्यांनी तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाला राजवाड्यातून बाजारात आणणारा माणूस सांगलीचा होता. त्याच सांगलीत आज कोणताही सांस्कृतिक उपक्रम काढायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो अनुदानाचा, आणि दुसरा उद्घाटनाला कोणाला बोलवायचे याचा. माणशी शे-दोनशे रुपये तिकीट असेल आणि चौकात पाऊणशे माणसे बसली, तर कलाकारांना मानधन आणि वाड्याच्या मालकाला भाडे देऊन हा खेळ आपल्या पायावर उभा राहू शकेल, असे मला वाटते. पहिले वर्षभर महापालिकेने किंवा एखाद्या बँकेने थोडा टेकू दिला तर बरेच, पण तो टेकूच असावा.

दुसरा आक्षेप असा की संगीत नाटकाचा प्रेक्षक आता उरला नाही. रात्री नऊला सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या नाटकाचा प्रेक्षक उरला नाही, हे मान्य. परंतु तासाभराच्या बैठकीत देवल-खाडिलकरांच्या नाटकांतले दोन प्रवेश आणि पाच-सहा पदे, ऑर्गन आणि तबल्याच्या साथीवर, हातभर अंतरावरून ऐकायला मिळणार असतील तर माणसे येतात; घरगुती गणपतीत किंवा कोजागरीला अशा बैठका होतात तेव्हा जिन्यापर्यंत माणसे बसलेली मी पाहिली आहेत. अडचण प्रेक्षकांची नसून निरोपाची आहे. अशी बैठक आहे हे फक्त यजमानांच्या ओळखीच्या लोकांना कळते, आणि हॉटेलात उतरलेला परगावचा माणूस टीव्ही पाहत झोपी जातो.

देवलांचा विषय निघालाच आहे तर हरिपूरविषयी लिहिणे भाग आहे. सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता हा या भागातला सर्वांत सुंदर रस्ता आहे, असे माझे मत आहे. चिंचेची जुनी झाडे, एका बाजूला नदीकाठचे मळे आणि शेवटी कृष्णा-वारणेच्या संगमावरचे संगमेश्वराचे देऊळ. दोन नद्यांची पाणी एकमेकांत मिसळताना किती तरी अंतर वेगळ्या रंगांची राहतात, हे पहिल्या पावसानंतर घाटाच्या पायरीवर उभे राहिले की स्वच्छ दिसते. गोविंद बल्लाळ देवल १८५५ मध्ये याच हरिपुरात जन्मले. पैशाच्या जोरावर कोवळ्या मुलीशी लग्न करू पाहणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट त्यांनी 'संगीत शारदा'मध्ये सांगितली. १८९९ मध्ये हे नाटक रंगभूमीवर आले आणि पुराणातल्या देव-दैत्यांत रमलेल्या संगीत नाटकाला देवलांनी चालू काळातल्या घरात आणून बसवले. गावातल्या पारावर बसून त्यांनी 'शारदा' लिहिले, असे हरिपूरकर सांगतात. ही आठवण खरी की मागाहून रचलेली, यावर अभ्यासकांनी वाद घालावा, पण पार आहे, नदी आहे, गाव आहे आणि नाटकही आहे. त्या पारावर हिवाळ्यातल्या रविवारी सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, 'शारदा'तल्या एका अंकाचे नुसते वाचन आणि पदे झाली तरी मुंबईची माणसे त्यासाठी गाडी काढून येतील. हरिपुरात आणखी एक अपूर्व गोष्ट होती, ती म्हणजे हळद साठवण्याची पेवे. जमिनीत खोल खणलेल्या, वर निमुळत्या आणि आत रुंद अशा या बळदांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. २००५ च्या पुराने त्यांतली बरीचशी निकामी केली. जी शिल्लक आहेत त्यांतले एक तरी पाहुण्याला आत डोकावून पाहता येईल असे राखले पाहिजे. आजघडीला हरिपुरात पेव कोठे आहे हे विचारत फिरावे लागते.

सांगलीच्या बाकीच्या खाणाखुणा मी येथे भराभर नोंदवतो, कारण त्यांची उजळणी आपल्या वाचकांना नवी नाही. 'कीचकवध'कार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड येथे होते आणि लता मंगेशकरांचे बालपण येथे गेले. १९४३ मध्ये रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव येथेच झाला आणि त्या वेळच्या नाट्यसंमेलनाचे अध्यक्ष स्वातंत्र्यवीर सावरकर होते. बालगंधर्वांचे मूळ गाव नागठाणे येथून वर कृष्णाकाठीच आहे. भावे गौरवपदकाचा सोहळा दर वर्षी रंगभूमी दिनी होतो, आणि त्या दिवशी नाट्यमंदिरात पाय ठेवायला जागा नसते. या सर्वांविषयी अभिमान बाळगायला आपल्याला शिकवावे लागत नाही. मात्र नाट्यपंढरी म्हणताना आपण संगीत नाटकापाशीच थांबतो, हे मला खटकते. पठ्ठे बापूराव वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे आणि अण्णा भाऊ साठे वाटेगावचे. म्हणजे मराठी वगाची आणि लावणीची निम्मी दौलत याच जिल्ह्याची. शनिवारच्या खेळांत महिन्यातून एकदा तमाशातल्या गण, गौळण आणि बतावणी यांना जागा दिली तर राजवाड्याच्या बाहेरचे सांगलीचे नाटकही पाहुण्यांना कळेल. त्यावर नाक मुरडणारे आपल्याकडे आहेत. त्यांनी त्या शनिवारी घरी राहावे.

आता मिरजेकडे वळतो, कारण सांगली पाहायला आलेल्या माणसाने मिरज न पाहता जाणे म्हणजे अर्धाच पाहुणचार घेणे होय. सांगली-मिरजेत जेमतेम दहा किलोमीटरचे अंतर, वडापने, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या खासगी गाडीने, किंवा सिटी बसने गेले तरी वेळ लागत नाही. मिरजेत सतारमेकरांची गल्ली आहे. हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात येथे तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली आणि त्यांच्या वंशजांच्या पिढ्या आज तेच काम करीत आहेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्या वेळी आपल्या दैनिकातही सविस्तर वृत्त आले होते. पुढे काय? मानांकनाने नक्कल रोखता येते, गिऱ्हाईक आपोआप येत नाही.

या गल्लीतल्या एका दुकानात मी एका पाहुण्याला घेऊन गेलो होतो. वर माळ्यावर पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले कडू भोपळे टांगलेले होते. हे भोपळे मुद्दाम वाद्यांसाठी पिकवतात, वेलावरच पक्के होऊ देतात आणि मग महिनोन्महिने वाळवतात. वाद्य करायच्या वेळी भोपळा पाण्यात भिजत घालून मऊ करायचा, तोंड कापायचे, बिया आणि गर खरवडून काढायचा आणि आकार बिघडू नये म्हणून आत काठ्यांचे टेकू देऊन पुन्हा वाळवायचा. त्यावर तबली, म्हणजे लाकडी झाकण, बसते, तूण लाकडाची पोकळ दांडी जोडली जाते, खुंट्या आणि तारा जिच्यावरून जातात ती घोडी येतात, नक्षी आणि लाखेचे पॉलिश होते. ही सगळी कामे पाहण्यासारखी आहेतच, पण आम्ही गेलो तेव्हा वयस्कर कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेला गुंजणारा नाद यावा म्हणून घोडी घासून जुळवत होते, आणि तेथे आम्ही अक्षरशः खिळून राहिलो. घोडीच्या पाठीवरून बारीक कानस एकदा फिरवायची, तार छेडायची, कान जवळ न्यायचा, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा. दोरा केसभर पुढे गेला की तार बोथट वाजते, केसभर मागे आला की नुसता खणखणाट होतो, आणि मधल्या एका जागी मात्र एका तारेतून चार सूर निघाल्यासारखा गुंजारव सुरू होतो. त्यांना विचारले की ही जागा कशी ओळखता, तर ते म्हणाले, "ती सापडली की तुम्हालाच कळंल की!" आणि खरोखरच, संगीताचे शिक्षण नसलेल्या माझ्या पाहुण्याला ती कळली.

पण याच भेटीत एक अवघड गोष्टही लक्षात आली. आम्ही उभे असताना कामात खंड पडत होता. विकत काही न घेता तासभर दुकानात उभ्या राहणाऱ्या माणसांना तोंड देणे, हे कारागिराच्या पोटावर पाय देणे आहे, आणि तरीही ते आपल्याला चहा पाजतात. पर्यटन म्हणून या गल्लीत बसगाड्या सोडणे हा शुद्ध अत्याचार ठरेल. म्हणून माझी सूचना अशी की, आठवड्यातले दोन दिवस, ठरावीक दोन तास, आळीपाळीने एकेका कारखान्यात, दहा-बारा माणसांपुरती आणि शुल्क घेऊनच भेट ठेवावी. ते शुल्क पूर्णपणे कारागिराचे असावे. तेथे त्याने एक भोपळा कापून दाखवावा, एक जवारी काढून दाखवावी, आणि जमल्यास मिरजेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने त्याच सतारीवर पंधरा मिनिटे वाजवावे. नवी पिढी या कामात यायला तयार नाही, अशी या कारागिरांची तक्रार आहे. ज्या कामाला बघायला माणसे पैसे देऊन येतात, त्या कामाकडे घरातला मुलगाही वेगळ्या नजरेने पाहू लागतो, असा इतर गावांचा अनुभव आहे.

मिरजेतले गाणे तर अजून जिवंत आहे, आणि तेही मोफत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी मिरजेला आपले घर मानले, १९३७ मध्ये त्यांचे देहावसान झाल्यावर त्यांचे दफन येथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या परिसरात झाले, आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ होणारी संगीतसभा भारतभरचे कलावंत हजेरी म्हणून गाऊन-वाजवून साजरी करतात. चिंचेच्या झाडाखाली रात्र रात्र चालणारी ती सभा ज्याने ऐकली नाही, त्याला मिरज कळली असे मी मानत नाही. नवरात्रात मिरजेतल्या अंबाबाईच्या देवळात असाच संगीत महोत्सव असतो. एका ठिकाणी पीर, दुसऱ्या ठिकाणी देवी, आणि श्रोते बरेचसे तेच. बालगंधर्वांनी १९०५ मध्ये शकुंतला होऊन पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवले तेही याच मिरजेत. पण उरूस चांद्र कालगणनेने होतो, दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, आणि त्याची तारीख परगावच्या रसिकाला कळते ती सभा आटोपल्यावर वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून. रेल्वेचे आरक्षण दोन-दोन महिने आधी करावे लागते, हे लक्षात घेतले तर या तारखा निदान तेवढ्या अगोदर जाहीर व्हायला नकोत का?

स्मारकांविषयीही थोडे स्पष्ट लिहितो. कृष्णाकाठी जे काही बांधायचे ते पुराला विचारून बांधावे लागते. आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. २००५ आणि २०२१ चे पूरही आपण विसरलेलो नाही. त्या २०१९ च्या पुरात सांगलीच्या दीडशे वर्षे जुन्या नगर वाचनालयातली हजारो पुस्तके चिखलात गेली, ती दृश्ये आजही अस्वस्थ करतात. तेव्हा नदीच्या काठावर काचेची दालने, रंगीत दिवे आणि हल्ली सर्वत्र दिसणारे सेल्फी पॉइंट उभारण्यापेक्षा तो पैसा दोन गोष्टींसाठी वापरावा. गावभागातल्या घरांमध्ये नाटक मंडळ्यांची जुनी छायाचित्रे, हस्तलिखित संहिता, पदांच्या वह्या आणि जाहिरातपत्रके अजून आहेत. त्यांची छायांकित प्रत करून ती पुराच्या पाण्यापासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवावी आणि मूळ ऐवज ज्याचा त्याला परत द्यावा. दुसरे म्हणजे, ज्या घरांत, वाड्यांत आणि घाटांवर ही माणसे वावरली तेथे साधी दगडी पाटी लावावी. पाटी पुरात बुडाली तरी पाणी ओसरल्यावर धुऊन पुन्हा वाचता येते.

पुराचा विचार करता शनिवारच्या खेळांचा हंगामही आपोआप ठरतो. ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, सुरुवात करावी आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत चालवावा. जुलै ते सप्टेंबर नदीचे असतात, ते तिला द्यावेत. या हंगामात पाहुणा शनिवारी दुपारी आला तर संध्याकाळी गणपतीचे दर्शन, त्यानंतर विष्णुदासी खेळ किंवा पदांची बैठक, रात्री कृष्णाकाठच्या वांग्याचे भरीत आणि भाकरी, रविवारी सकाळी हरिपूर आणि दुपारी मिरजेत सतारमेकरांकडे, असा त्याचा दीड दिवस सुखाने जाईल आणि एक रात्र तो येथे मुक्कामाला राहील. रात्र राहणाऱ्या पाहुण्याचा पैसा रिक्षावाल्यापासून खानावळीपर्यंत पोचतो. दीड तासात निघून जाणाऱ्याचा फक्त पार्किंगवाल्यापर्यंत.

या सगळ्याची जबाबदारी कोणी घ्यायची, हा प्रश्न उरतोच. नाट्यसंस्था, संगीत संस्था, महापालिका, पर्यटन खाते यांनी एकत्र यावे असे लिहिणे सोपे आहे, आणि तसे वर्षानुवर्षे लिहिले जात आहे. मला अधिक भरवसा वाटतो तो एखाद्या महाविद्यालयाच्या नाट्य विभागावर किंवा हौशी संघावर, जे दहा-पंधरा जण मिळून एक हंगाम करून दाखवतील. भाव्यांच्या मंडळीतही याहून फार माणसे नसावीत.

मात्र यातले एक काम आपल्या दैनिकाला, कोणाचीही वाट न पाहता, येत्या आठवड्यापासून करता येण्यासारखे आहे, आणि हे पत्र मुख्यतः त्या विनंतीसाठी आहे. सांगली-मिरजेत आठवडाभर होणाऱ्या नाटकांच्या, गाण्याच्या बैठकांच्या, कीर्तनांच्या, तमाशाच्या आणि एकांकिकांच्या तारखा, वेळा, ठिकाण आणि तिकीट अशी चौकट दर शुक्रवारी एकाच पानावर, एकाच जागी छापावी, आणि ती आपल्या पुणे-मुंबईच्या आवृत्त्यांतही द्यावी. कार्यक्रम होऊन गेल्यावर दीपप्रज्वलनाचे छायाचित्र छापण्यासाठी जेवढी जागा लागते, तेवढ्यात ही चौकट बसते. संस्थांनी आपली माहिती बुधवारपर्यंत कार्यालयात आणून द्यावी असे आवाहन आपण केले, तर गावभागातल्या बैठकांची माहिती गोळा करून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
गावभाग, सांगली